उसाचे बिल पोरांना वाचू द्या



गळीत हंगाम सुरू झाला, पहिल्या पंधरवड्याची बिले बँकेत जमा झाली, की गावात दोन गोष्टी एकदम वाढतात. एक मोटारसायकलच्या दुकानातली गर्दी, आणि दुसरी घराघरातली तोंडातोंडी. बाप म्हणतो, यंदा सोसायटी भागवायची आहे, विहिरीवरची मोटर भरून आणायची आहे. पोरगं म्हणतं, तुम्ही दर साली हेच सांगता. आई मधल्यामध्ये सापडते. शेवटी कधी बापाचा शब्द राहतो, कधी पोराचा हट्ट राहतो. पण हिशेब मात्र कुणीच मांडत नाही.

लागण, खोडवा, खताच्या मात्रा, ठिबक यांविषयी आपण या पानांतून नेहमी वाचता. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. गट ऑफिसला सभासद जमले, की ऊसतोडीच्या तारखेनंतर दुसरा विषय हल्ली पोरांच्या खर्चाचाच निघतो. एक वयस्क सभासद तर आम्हांस म्हणाले, "ऊस कसा वाढवायचा ते तुमचं शेतकी खातं सांगतंय. पोरगं कसं वाढवायचं ते कुणी सांगत नाही बघा." त्यांचा टोमणा आम्ही मनावर घेतला. कार्यक्षेत्रातील काही गावांत फिरलो, दहावी ते बारावीत शिकणाऱ्या आणि आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींशी बोललो. त्यांच्या आईवडिलांशी, एका हायस्कूलच्या शिक्षकांशी आणि एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांशीही बोललो. बोलणी घरची आहेत, म्हणून कुणाचे नाव गाव दिलेले नाही.

पोरे काय म्हणतात

पोरे उधळी झाली आहेत, असे सरसकट बोलले जाते. आम्हांस तसे आढळले नाही. पैसा घरात कसा येतो, कुठे जातो, याची त्यांना खबरच नसते, असे मात्र जागोजाग आढळले.

अकरावीतला एक मुलगा म्हणाला, "आमचा ऊस किती टन गेला ते मला ठाऊक आहे, कारण ट्रॅक्टरच्या मागं मीच होतो. वजन पावत्या मीच गोळा केल्या. पण पैसे किती आले ते आप्पांनी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचंय, तू अभ्यास कर."

दुसऱ्या एकाचे उत्तर ऐकून आम्ही हसलो, पण नंतर विचारात पडलो. तो म्हणाला, "जानेवारीत मागितलं तर बूट मिळतात. जुलैत मागितलं तर शिव्या मिळतात. मग आम्ही जानेवारीतच सगळं मागून घेतो." पहा, पोरगे किती शहाणे आहे! उसाचा पैसा कधी येतो आणि कधी संपतो, हे त्याने बरोबर हेरले आहे. पण त्यातून तो शिकला काय, तर पैसा हा हिशेबाने मिळत नाही, बापाचा हात कधी सैल असतो ते पाहून मिळवायचा असतो.

एका मुलीने वेगळेच दुखणे सांगितले. "भावाला न मागता मिळतं. मी मागितलं की आधी 'कशाला?' विचारतात. म्हणून मी मागतच नाही." ती पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या नोटा पत्र्याच्या डब्यात साठवते. किती साठल्या ते घरी कुणाला ठाऊक नाही.

शिक्षक म्हणाले, "फीची आठवण केली की मुलं मान खाली घालतात. सहलीचे पैसे मात्र दुसऱ्या दिवशी हजर. यात मुलांचा दोष मी कमी धरतो. घरातच फी मागं आणि सहल पुढं असते." शिवाय वर्गात कुणाकडे कुठला फोन आहे, कुणाचे बूट कुठल्या कंपनीचे, हे सर्वांना तोंडपाठ असते. त्यात मागे पडले की लाज वाटते, असे मुलांनी आम्हांस प्रांजळपणे सांगितले. ही लाज खोटी आहे, असे म्हणून ती जात नाही. सोळा वर्षांच्या वयात चारचौघांसारखे दिसावे, असे कुणाला वाटत नाही?

दिसणारा पैसा आणि न दिसणारा पैसा

आजच्या आजोबांच्या वेळचा पैसा डोळ्यांना दिसत असे. बिल घ्यायला बाप जायचा तेव्हा पोरगे सोबत असे. नोटा मोजल्या जात, सदऱ्याच्या आतल्या खिशात जात, आणि घरी आल्यावर देवापुढे ठेवल्या जात. मग तिथूनच वाटण्या सुरू होत. सोसायटीचे इतके, किराणा दुकानदाराचे इतके, बैलाचे इतके. पोरगे कोपऱ्यात बसून पाही. ढीग कसा लहान होत जातो ते त्याला कुणी शिकवावे लागत नसे. आठवडी बाजारात दहाच्या नोटेत पिशवी कशी भरायची, हे आईमागे फिरून पोरीला कळे.

आता बिल थेट खात्यावर जमा होते. फार चांगली गोष्ट आहे. वाटेत कुणाचा हात लागत नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि फोनवरून पैसे देण्याची सोय गावच्या पानपट्टीपर्यंत पोहोचली. स्कॅनरपुढे फोन धरला, दुकानातला डबा बोलला, की व्यवहार झाला. यात नोट हातातून सुटताना जो जीव थोडा खालीवर होतो, तो होत नाही. शंभराची नोट मोडताना माणूस विचार करतो. फोनवर नव्व्याण्णव रुपये देताना करत नाही. हे पोरांचेच नव्हे, थोरांचेही तसेच आहे. फरक इतकाच, की थोरांनी नोटा मोजलेल्या आहेत. पोरांनी आकडेच पाहिले आहेत.

आणि थोरांचे तरी काय? पोराने गाडी मागितली तर आपण त्याला उधळ्या म्हणतो. पण लग्नात गावजेवण घालून वर डीजे कुणी लावला? वाढदिवसाचा डिजिटल फलक चौकात कुणी टांगला? शेजाऱ्याने दोन मजले चढवले म्हणून आपणही स्लॅब टाकला, तो कुणाला दाखवायला? गाडगेबाबांनी उभे आयुष्य गावोगाव कीर्तने करून सांगितले, की कर्ज काढून सण-समारंभ करू नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. १९५६ साली बाबा गेले. आपण त्यांचे पुतळे बसवले, पण त्यांच्या सांगण्याकडे पाठ फिरवली. पोरे आपले ऐकत नाहीत, पण आपण काय करतो ते पाहतात. हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे बोलणे व्यर्थ आहे.

एका एकराचा हिशेब

आता मुद्द्याचे बोलू. पोराला पैशाची किंमत कळावी, असे वाटत असेल तर त्याला व्याख्यान देऊ नका. एका एकराचा हिशेब त्याच्याच हाताने लिहून घ्या. आम्ही येथे नमुना देतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापल्या वहीतले घालावेत.

समजा, एक एकर आडसाली ऊस आहे. टनेज ५० निघाले. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये पडले. म्हणजे दीड लाख रुपये झाले. पोराच्या डोळ्यांपुढे हाच दीड लाख असतो. बापाने आता त्याला पेन घेऊन बसवावे आणि खालील रकमा लिहावयास सांगावे:

नांगरट, रोटर, सरी सोडणे — ९,००० रुपये
बेणे किंवा रोपे आणि लागण — १४,००० रुपये
शेणखत व रासायनिक खते — २८,००० रुपये
भांगलण, तणनाशक, बाळबांधणी, मोठी बांधणी — १३,००० रुपये
पाणीपट्टी, वीज, मोटर-पाइप दुरुस्ती — ९,००० रुपये
औषधे व किरकोळ — ३,००० रुपये
कर्जाचे व्याज व इतर — २,००० रुपये

बेरीज ७८,००० रुपये. दीड लाखातून वजा जाता उरले ७२,०००. यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. रात्रीची लाइट म्हणून बाप थंडीत दोन वाजता पाणी द्यायला गेला, त्याचा एक पैसा यात नाही.

आता खरा प्रश्न पोराला विचारावा. हे ७२,००० किती महिन्यांचे? आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला तर पुढच्या वर्षीच्या हंगामात, सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. अठराने भागा. महिन्याला ४,००० रुपये आले. एका एकरात घरचा महिन्याचा पगार चार हजार!

मग त्याला म्हणावे, तुला २४,००० रुपयांचा फोन पाहिजे ना? तुझा फोन म्हणजे एका एकराची सहा महिन्यांची कमाई. टनात मोजायची तर टनामागे उरतात १,४४० रुपये. म्हणजे जवळपास सतरा टन ऊस, एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून. गुंठ्यात मोजायचे तर तेरा गुंठे आणि वर थोडे. बांधापासून तेरा गुंठे पावलांनी मोजून त्याला दाखवावे आणि म्हणावे, एवढा ऊस आपण दीड वर्ष जगवला तो या फोनसाठी. घ्यायचा का?

हा हिशेब एका सभासदाने खरोखरच आपल्या मुलाला करायला लावला. मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बारा हजारांचा चालेल. पण क्लासची फी आधी भरू." पुढे तो फोन घेतला गेला. बापाने नाही म्हटले नाही, पोराने हट्ट केला नाही. आम्हांस यात सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की निर्णय दोघांनी मिळून घेतला.

बिलाचा कागद वाचायलाही असेच शिकवावे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. मग आपल्या हातात ३,५५० का पडत नाहीत? आपल्याकडे तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते, आणि उताऱ्याप्रमाणे दर पुढेमागे होतो. त्याखाली सोसायटीची वसुली, शेअर, ठेव, उधारीने उचललेले खत-बेणे अशा कपाती असतात. शेवटी निव्वळ देय रक्कम. पोराने एकदा हा कागद वरून खालपर्यंत वाचला, तर गणिताच्या पुस्तकातली शेकडेवारी त्याला निराळी शिकवावी लागणार नाही. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे, हेही त्याला सांगावे. आपल्या पैशाला नियम असतो, तारीख असते, हे पोराच्या मनावर ठसले पाहिजे.

फोनमधली गळती

पाटाला घुशीने बीळ पाडले तर पाणी शेतात पोहोचत नाही आणि वरून काही दिसतही नाही. फोनमधली गळती तशीच असते. एका घरात दोन-तीन वर्षांमागे घडलेली गोष्ट त्या सभासदांच्या परवानगीने लिहितो.

मुलगा सोळा वर्षांचा. उसाचे बिल ज्या खात्यावर येते ते खाते वडिलांच्या फोनला जोडलेले. वडिलांना फोनवरचा व्यवहार जमत नाही, म्हणून पिन मुलालाच ठाऊक. दुकानाचे, वीजबिलाचे, डिझेलचे पैसे तोच पाठवी. मित्राच्या नादाने त्याने पैसे लावून खेळायचा एक खेळ फोनवर घेतला. पहिल्या दिवशी पन्नास लावले, तीनशे आले. मग गेले. गेलेले काढायला आणखी लावले. बँकेचा संदेश येई तो तोच पुसून टाकी. तीन आठवड्यांत चाळीस हजारांवर रक्कम गेली. वडील सोसायटी भरायला गेले तेव्हा खात्यावर पैसे नाहीत असे कळले. सोसायटी थकली, आणि वेळेत फेडणाऱ्याला जी व्याजाची सवलत मिळते तीही गेली.

आम्ही विचारले, मग काय केलेत? ते म्हणाले, "आधी हात उचलला होता. पण पोरानं मान वर केली नाही. दोन दिवस जेवलं नाही. पैसं गेलं ते गेलं. पर तीन आठवडं पोरगं एकटंच भीत होतं आन मला पत्ता नव्हता, ते जास्त लागलं."

त्यांनी पुढे केले ते सर्वांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. गावात बोभाटा केला नाही. पोराला समोर बसवून, किती गेले, कसे गेले, सगळे कागदावर लिहवून घेतले. पिन बदलला. सुट्टीत पोराने ट्रॅक्टरवर काम करायचे आणि त्याची मजुरी त्या वहीत जमा धरायची, असे ठरले. वही अजून चालू आहे. पोरगे आता डिप्लोमाला आहे.

त्या वेळी हे खेळ उघड चालत होते आणि त्यांच्या जाहिराती नामवंत खेळाडू करीत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, त्यांच्या जाहिरातींना आणि त्यांचे पैसे फिरवण्याला बंदी घालणारा कायदा केला. तथापि कायदा झाला म्हणून चोरवाटा बुजतात असे नाही. तेव्हा ज्या खात्यावर उसाचे बिल येते ते खाते पोराच्या हातातल्या फोनला जोडू नये. घरखर्चाला निराळे खाते ठेवावे आणि त्यात लागतील तेवढेच पैसे टाकावेत. कुणी फसवून पैसे काढून घेतले, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

गाडीचा हट्ट

गाडीविषयी थोडक्यात लिहितो. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. अंधारात थांबलेली ट्रॉली न दिसून काय होते, ते गावोगाव ठाऊक आहे. तेव्हा पोराला नाही म्हणायचे तर "पैसे नाहीत" असे खोटे कारण सांगू नये. "पैसे आहेत, पण अठराच्या आधी गाडी नाही," असे खरे कारण सांगावे. खोटे कारण पुढच्या बिलाला उघडे पडते. खरे कारण टिकते.

दुधाची वही आणि चार सऱ्या

ज्या घरांत बरे चालले आहे ती घरेही आम्ही पाहिली. दोन उदाहरणे देतो.

उसाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा ढिगाने येतो, आणि दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी थोडाथोडा येतो. ऊस बापाच्या नावावर असतो, घर मात्र आईच्या दुधावर चालते. एका घरी आईला लिहिता-वाचता कमी येते, म्हणून दहावीतली मुलगी दुधाची वही लिहिते. किती लिटर, फॅट किती, दर काय, पशुखाद्याची कपात किती. तीन महिने लिहिल्यावर ती आईला म्हणाली, "ही म्हस आटायला आलीया. हिच्या दुधापेक्षा हिचं खाद्यच जास्त होतंय." आईला वाटतच होते, पण कागदावर प्रथमच दिसले. त्यांनी खाद्याची मात्रा बदलली. नंतर मुलीने बहिणीच्या लग्नासाठी चांगला ड्रेस मागितला, तेव्हा कुठल्या बिलातून बसतो ते वहीत दाखवून मागितला. तिला "कशाला?" असे कुणी विचारले नाही. वही लिहिणाऱ्याला मागण्याचा मान मिळतो, हे या घरात आम्ही पाहिले.

दुसऱ्या घरी वडिलांनी नववीतल्या मुलाला लागणीच्या उसातल्या चार सऱ्या आंतरपिकाला दिल्या. बी वडिलांचे, पण उसने. विकल्यावर परत करायचे. मुलाने कोथिंबीर केली. पहिल्या खेपेला बियाण्याचे आणि टेम्पोचे फेडून हातात २,६०० रुपये राहिले. त्याने क्रिकेटची बॅट घेतली आणि बाकीचे पुन्हा बियाण्यात घातले. दुसऱ्या खेपेला बाजारात जुडीला दोन रुपये आले. टेम्पोचे भाडेही निघेना. निम्मी कोथिंबीर म्हशींना घातली. मुलगा रडवेला झाला. वडील एवढेच म्हणाले, "आता कळलं, मला कधीकधी राग का येतो ते?" ते पोरगे त्या दिवशी बाजारभाव म्हणजे काय ते शिकले, आणि बापही त्याला थोडा कळला.

फडात आणखीही एक मूल असते, ते आपण पाहूनही पाहत नाही. तोडणीच्या टोळीबरोबर आलेले, आपल्याच पोराच्या वयाचे. वाढ्याच्या पेंढ्या विकून त्या दिवसाचे मीठमिरची यायची, हे त्याला ठाऊक असते. आईबापांनी मुकादमाकडून उचल किती घेतली आणि ती फिटायला किती मोळ्या बांधाव्या लागतील, याचा हिशेब ते ऐकून असते. हे कौतुकाने लिहीत नाही. त्या मुलाच्या हातात वाढे नव्हे, पुस्तक असले पाहिजे. पण आपला दीड लाख ज्या हातांतून येतो त्यांत त्याच्या आईबापांचे हात आहेत, इतके तरी आपल्या पोराला ठाऊक असावे.

कष्टाने मिळवून शिकण्याची आपल्या भागाची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातील मुले शेतात राबत, स्वतःचे काम स्वतः करीत आणि शिकत. "कमवा आणि शिका" ही त्यांची शिकवण आपल्या अनेक सभासदांच्या घरी पोहोचलेली आहे. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या वसतिगृहातल्या पोराला पैशाची किंमत वेगळी सांगावी लागली नसेल.

काय करता येईल

सभासदांना आमच्या काही सूचना आहेत. पटतील त्या घ्याव्यात.

१. या हंगामाचे बिल जमा झाले, की घरातील चौदा वर्षांवरील सर्व मुलामुलींना बसवून ते मोठ्याने वाचावे. कर्ज असेल तर तेही लपवू नये. पोरे घाबरत नाहीत. उलट आपल्याला मोजले, याचा त्यांना अभिमान वाटतो.

२. मागेल तेव्हा देण्यापेक्षा महिन्याला ठराविक रक्कम द्यावी, थोडी का असेना. ती संपली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायला लावावे. जानेवारीत आणि जुलैत रक्कम एकच असावी.

३. मुलाला जेवढे, मुलीला तेवढेच. यात फरक केला तर बाकीचा हिशेब खोटा ठरतो.

४. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने बचत खाते काढून ते स्वतः चालवता येते. रिझर्व्ह बँकेच्या नव्या सूचना १ जुलै २०२५ पासून लागू आहेत. मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. या खात्यावरून कर्जाऊ रक्कम उचलता येत नाही. शाखाधिकारी आम्हांस म्हणाले, "खातं काढायला बाप एकटाच येतो. पोरगं आणा. सही त्याची असते."

५. घरात एक काम असे द्यावे, की ज्याचा नफा-तोटा पोराचा. चार सऱ्या असोत, दहा कोंबड्या असोत, नाहीतर दुधाची वही असो. तोटा झाला तर भरून देऊ नये, आणि टोमणेही मारू नयेत.

६. हप्त्याने वस्तू घेण्याआधी सर्व हप्त्यांची बेरीज पोराकडून करून घ्यावी आणि रोखीच्या किमतीशी ताडून पाहावी. "बिनव्याजी" लिहिलेले असले तरी बेरीज करावी.

शेवटी एक गोष्ट सांगून हे टिपण पुरे करतो. १९५० साली प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, तेव्हा पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांचे सोबती भागभांडवलासाठी गावोगाव हिंडले होते. फार न शिकलेल्या माणसांनी संसारातून काढून शेअरचे पैसे दिले, आणि धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर बसला. त्यानंतर महाराष्ट्रात जे सहकारी कारखाने झाले ते असल्याच पैशावर झाले. आपल्या कारखान्याचा शेअर आज आपल्या नावावर आहे. उद्या वारस म्हणून तो याच पोरांच्या नावावर चढणार आहे. वार्षिक सभेत ती बसतील, अहवालाचे पुस्तक त्यांच्या हातात येईल. ज्याने घरचे बिल कधी वाचले नाही, तो कारखान्याचा ताळेबंद काय वाचणार? आणि ज्याला ताळेबंद वाचता येत नाही, तो प्रश्न काय विचारणार? प्रश्न विचारणारा सभासद असेल तोवरच सहकार जिवंत राहतो.

तेव्हा यंदाच्या बिलाचा कागद कपाटात ठेवू नका. पोरांच्या हातात द्या. पुढील अंकासाठी आपल्या घरी काय घडले ते पोस्टकार्डावर किंवा चिटबॉयकडे लिहून पाठवा. पोरांनी लिहिलेली पत्रे आम्ही आधी छापू.